डब्यावरचा हात

३ ऑगस्ट

वहिनी,

पत्र ख्यालीखुशालीने सुरू करायचं असतं, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तेव्हा आधी बातमी. आपली भिंगरी 'उल्कावीर'च्या अंकात छापून येणार आहे. फोटोसकट!

गेल्या महिन्याचा अंक, 'भुयारातली माणसं', मी तुमच्याकडे पाठवला होता. शहराखाली भुयारात राहणारे लोक, वरचे त्यांना चोर म्हणतात, मळके म्हणतात, आणि शेवटी उल्कावीर चौकात उभा राहून सगळ्या शहराची कानउघाडणी करतो. 'तुमचं रक्त लाल, यांचंही रक्त लाल!' ते पान मी तीन वेळा लिहिलं, कारण दोनदा रागाच्या भरात टाकाचं टोक कागदात घुसलं.

तू म्हणशील, कॉमिकच्या फुग्यांत अक्षरं भरणाऱ्या बाईला एवढा राग कशाला. पण लेखकसाहेबांना ही गोष्ट सुचवली मीच. तू लग्न होऊन आमच्या घरात आलीस आणि खाणीकडच्या वस्तीतली म्हणून आईने दुसऱ्याच दिवशी कपाटांना कुलपं लावली. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. जुडगा आईच्या कमरेला, आणि तू काही न बोलता भांडी पुसत होतीस. ते आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हटलं, आईशी तर भांडता आलं नाही, निदान पोरांना तरी शिकवू.

चित्रकारांना कळेना, भुयारी लोक ओळखू कसे यायचे. शिंगं काढू का, म्हणाले. मी म्हटलं, खबरदार! मग त्यांना तुझ्या बाबांची गोष्ट सांगितली. खाणीत जेवताना वरून धूळ पडायची म्हणून ते डाव्या हाताचं छप्पर करून डब्यावर धरायचे, ती सवय घरीही सुटली नाही, तुला लागली, तुझी भिंगरीला लागली. चित्रकार एकदम खूश. अंकभर भुयारी लोक तसेच जेवतात, बघितलंस ना? तुझ्या माहेरचा हात आज किती घरांत पोचलाय.

आता फोटो. अंक शाळांतही जातो, मूल्यशिक्षणाच्या तासासाठी. काल वाचकांच्या टपालात एका शाळेचं पाकीट होतं, उघडलं तर आपली भिंगरी! फळ्यासमोर उभी, पुढ्यात अख्खा वर्ग रांगेत, एकेक जण तिच्याशी हात मिळवतोय आणि बाजूला बाई टाळ्या वाजवताहेत. पोरीला एवढे मित्रमैत्रिणी आहेत, आणि मला कधी बोलली नाही लबाड. जरा वाळलेली वाटली, उंची वाढत असेल. संपादकांनी फोटो पुढच्या अंकासाठी काढून ठेवलाय.

दादाला सांग, भिंगरीच्या गालाला चिमटा काढ.

तुझी छोटी


११ ऑगस्ट

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. फोटो छापू नका.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं. परत फाडलं, कारण तुम्हाला त्यातून काही कळणार नाही. उलट टपाली विचाराल, 'का गं, लाजतेय का भिंगरी?'

तर ऐका. भिंगरी दोन वर्षं त्या शाळेत आहे. तिची आई खाणीकडची, हे तिथे कोणाला माहीत नव्हतं. आम्ही लपवलं नव्हतं, पण दवंडीही पिटली नव्हती. आई दवाखान्यात रक्त तपासते, वडील नकाशे काढतात, एवढी ओळख पुरत होती. मग तुमचा अंक आला, बाईंनी तो वर्गात मोठ्याने वाचला, आणि मधल्या सुट्टीत भिंगरीने डबा उघडून त्यावर डावा हात धरला.

तिच्या ते लक्षातही आलं नाही. समोरच्या मुलीच्या आलं. 'अय्या, ही बघा भुयारी!'

त्या दिवसापर्यंत पोरांकडे तिला चिडवायला शब्द नव्हता, वन्सं. 'खाणीकडचे' हा मोठ्यांच्या तोंडचा शब्द आहे, आणि तोही दार लावून बोलायचा. तुम्ही पोरांसाठी वेगळा तयार केलात, सुंदर अक्षरात लिहिलात आणि घरपोच दिलात.

आठवडाभर ते चाललं. मग बाईंना वाटलं, झाल्या प्रकारातून काही शिकवावं. अंकाच्या शेवटच्या पानावर 'विचार करा आणि सांगा' असे प्रश्न आहेत ना? त्यातला चौथा त्यांनी वर्गाला विचारला. 'तुमच्या आसपास कोणी भुयारी आहे का? त्याला तुम्ही कसे आपलेसे कराल?' एक्केचाळीस बोटं भिंगरीकडे वळली. तिला फळ्यासमोर उभं केलं आणि एक्केचाळीस जणांनी रांगेने येऊन तिला आपलंसं केलं. तुम्हाला आलेला फोटो त्या समारंभाचा आहे. ती कोणाकडेही बघत नाहीये त्यात. एका अक्षराचा पाय वाकडा झाला तर तुम्हाला दिसतो, आणि पोरीचा चेहरा दिसला नाही?

उंची वगैरे काही वाढलेली नाही. तीन आठवडे डबा जसाच्या तसा घरी येत होता. विचारलं की म्हणायची, भूक नव्हती. मी तिचं रक्त तपासलं, मूर्खासारखं, काही आजार आहे का बघायला.

फोटो छापू नका.

वहिनी


१६ ऑगस्ट

वहिनी,

'वन्सं' वाचलं तेव्हाच ओळखलं. बारा वर्षांत तू मला दोनदाच वन्सं म्हणाली होतीस आणि दोन्ही वेळा चूक माझी होती.

फोटो परत बघितला. तू म्हणतेस तसंच आहे. ती खाली बघतेय आणि तिचा डावा हात पाठीमागे आहे, मुठीत फ्रॉक आवळलेला. मला ते आधी दिसलं नाही, याची मला इतकी चीड आली की दिवसभर कोणाशी धड बोलले नाही.

मग संपादकांच्या टेबलापाशी गेले. म्हणाले, 'अहो, हा तर आपल्या अंकाचा विजय आहे. मुलांनी तिला स्वीकारलं!' मी म्हटलं, ती दोन वर्षं त्याच बाकावर बसत होती साहेब, स्वीकारायला ती काय पार्सल आहे? लेखकसाहेब चष्मा पुसत म्हणाले, 'तुम्ही फार मनाला लावून घेताय.' माझ्या भाचीचं मी नाही मनाला लावून घ्यायचं तर कोणी, छापखान्याने? सगळं खातं माना खाली घालून कामाला लागलं. चित्रकार तेवढे हळूच म्हणाले, शिंगं काढली असती तर बरं झालं असतं. हसावं की रडावं तेच कळेना.

आणि त्या बाई! शिकल्यासवरलेल्या ना त्या? प्रश्न काय, पानावर दहा असतात. कुठला विचारावा, कोणासमोर विचारावा, याचं तारतम्य विचारणाऱ्याला नको? माझ्यासमोर असत्या तर चांगलं खडसावलं असतं.

फोटो बाविसाव्या पानावर लागलाय. छापखान्यात जायच्या आधी पानं शेवटची माझ्या हाताखालून जातात. फोटो जाणार नाही, हा माझा शब्द.

छोटी


२२ ऑगस्ट

छोटे,

भांडलीस ते बरं केलंस. पण इकडे प्रकरण पुढे गेलंय.

सोमवारी मधल्या सुट्टीत एका मुलीने डबा उघडला, डोळे मिचकावले आणि त्यावर डावा हात धरला. तिचं बघून सगळ्या बाकाने धरला. भिंगरीने डब्याचं झाकण उचललं आणि त्या मुलीच्या कपाळावर हाणलं. दोन टाके पडले. भिंगरीला घेऊन मी त्यांच्या घरी गेले, पोरीने तिची माफी मागितली, मीही मागितली. टाके खरे आहेत, त्यात वाद नाही.

पण मुख्याध्यापिकांना वेगळीच माफी हवी आहे. भिंगरीने ती लिहून आणायची आणि सगळ्या वर्गासमोर वाचायची, की तुम्ही मला आपलंसं केलंत आणि मी उपकार विसरले. नाहीतर नाव काढून घ्या. मला म्हणाल्या, 'आम्ही तिला एवढं सामावून घेतलं, पण शेवटी मूळ स्वभाव जातो का?' नऊ सप्टेंबरला शाळेच्या समितीपुढे बोलावलंय. भिंगरी लिहायला तयार नाही. तुझा दादा म्हणतो, चार ओळींनी काय बिघडतं, खरडून टाक आणि मोकळी हो. मी म्हटलं, तुमच्या घरात मी बारा वर्षं मोकळीच होतेय. त्यावर ते चप्पल घालून कामाला निघून गेले.

काल पहिल्यांदाच तो अंक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. चोवीस पानं आहेत. त्यात भुयारी लोकांच्या तोंडी एकूण चार फुगे आहेत, मी मोजले. 'वाचवा!' 'आम्ही काही केलं नाही.' पुन्हा 'वाचवा!' आणि शेवटी 'आपले उपकार कसे फेडू?' बाकी सगळं उल्कावीर बोलतो. आणि बोलतो काय, तर रक्त लाल असतं. रोज दोनशे माणसांचं रक्त माझ्या हाताखालून जातं. ते लाल असतं हे सगळ्यांना माहीत आहे, गं. माहीत असूनच लोक कुलपं लावतात.

आता माझं एक काम कर. तो चौथा प्रश्न ज्याने लिहिला, त्याचा पत्ता मला हवाय. बाईंनी तो मनाने काढला नाही, तो छापलेला आहे. लिहिणाऱ्याला मला एवढंच विचारायचंय: 'तुमच्या आसपास कोणी भुयारी आहे का' हे वाचणारं पोरच त्यांच्यातलं असेल, तर त्याने वहीत काय उत्तर लिहायचं? अंक घेणारी पोरं सगळी वरच्या शहरातलीच असणार, हे या गृहस्थाने कशावरून धरलं? शोधून काढ त्याला. मी सोडणार नाही.

वहिनी


२७ ऑगस्ट

वहिनी,

तो गृहस्थ मीच.

प्रश्नांचं पान लिहायला लेखकसाहेबांना कंटाळा येतो, म्हणून ते माझ्याकडे असतं. मागच्या पत्रात मी बाईंवर आग पाखडली तेव्हा मला हे माहीत होतं. लिहायला बसले होते, हात झाला नाही. चौथा प्रश्न लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तू होतीस, भांडी पुसणारी. आणि तरी तो भिंगरी वाचेल, हे एकदाही मनात आलं नाही. का नाही आलं, याचं उत्तर चार दिवस शोधतेय. जे सापडतं ते तुला लिहायची लाज वाटते.

पण वहिनी, मी भरपाई केली आहे. फोटो मी पानावरून सोलून काढला. मोकळी झालेली जागा बघून मला राहवेना. जुन्या पानातला उल्कावीर कापून तिथे चिकटवला, वर फुगा काढला आणि आजवरच्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात लिहिलं: 'खाणीकडच्या एका शाळकरी मुलीची या शहराने माफी मागितली पाहिजे!' कोणाच्या लक्षात यायच्या आत अंक छापून गाड्यांत चढला. मग ऑफिसात रामायण झालं. संपादकांचा चेहरा बघण्यासारखा होता. माझा टाक, दौत, पट्टी, सगळं खोक्यात भरून मला घरी पाठवलं. नोकरी गेली, पण खरं सांगू, खोकं उचलून जिना उतरताना छाती भरून आली.

आता नऊ तारखेचं ऐक, मला एक युक्ती सुचली आहे. ऑफिसच्या छापील कागदाचा एक ताव माझ्याकडे राहिलाय. त्यावर उल्कावीरच्या सहीने शाळेला पत्र लिहिते. त्याचं अक्षर म्हणजे माझंच अक्षर, कोण ओळखणार? सगळी शाळा त्याची भक्त आहे. मुख्याध्यापिकांची बोलती बंद होईल बघ. तू फक्त हो म्हण.

तुझी छोटी


१ सप्टेंबर

वन्सं,

तो ताव फाडून टाका.

तुमचा नवा अंक शुक्रवारी शाळेत पोचला. 'खाणीकडच्या एका शाळकरी मुलीची.' आता पोरांना दुसराही शब्द मिळाला. दोघांनी घरी जाऊन आईबापांना विचारलं, खाणीकडचे म्हणजे कोण, आणि आईबापांनी सांगितलं. शनिवारी भिंगरीच्या बाकावर ती एकटी होती.

फोटो काढा म्हटलं होतं. फोटो काढून थांबायचं होतं. चौकट मोकळी राहिली असती तर कोणाचं काय अडत होतं? पण नाही, तुम्हाला तिथे कोणीतरी उडत आणायचाच होता. भिंगरीला विचारलंत, अंकात घालू का म्हणून? मला विचारलंत? माझ्या बाबांचा हात चित्रकाराला देताना विचारलं होतंत? आमचं जे जे आहे ते तुम्ही न विचारता उचलता, आणि वर प्रेमाने उचललं म्हणता. कुलपं नेमकी कोणत्या घरात हवी होती, असा प्रश्न पडतो मला.

आणि ती कुलपांची गोष्ट. ती तुम्ही किती वेळा सांगितलीत, लेखकांना, चित्रकारांना, मला! त्या दिवशी मी भांडी पुसत होते हे खरं. तुम्ही दारात उभ्या होतात. मी तुमच्याकडे बघितलं होतं, आठवतं? पंधरा वर्षांच्या होतात, आईपुढे तोंड उघडणं सोपं नव्हतं, मान्य. म्हणून मी कधी बोलले नाही. पण मग तो राग तुमचा आहे, असं भासवू नका. राग माझा आहे. बारा वर्षं मी तो गिळून घर चालवलं, आणि तुम्ही त्याच्यावर चोवीस पानं काढलीत.

नोकरी गेली त्याचं मला वाईट वाटतं. पण छाती भरून आली म्हणता ना, इथे माझ्या मुलीची शाळा जातेय आणि घरात कोणाची छाती भरून येत नाही.

नऊ तारखेला सकाळी अकरा वाजता मुख्याध्यापिकांच्या खोलीत समितीचे पाच जण बसतील. या. स्वतःच्या नावाने या. सांगा, हात मी दिला, शब्द मी लिहिला, प्रश्न मी विचारला, फोटोच्या जागी भलतंच मी छापलं. जे घडलं ते त्याच क्रमाने सांगा. भाषण करू नका, रक्ताबद्दल बोलू नका, आणि रडायचं असेल तर आधी रडून या. यायचं नसेल तर एका ओळीत कळवा, मी तुमची वाट बघणार नाही.

वहिनी


४ सप्टेंबर

आत्या,

तुझं अजून काही उत्तर आलं नाही, म्हणून मी लिहितेय. हे पत्र आईला दाखवलेलं नाही. तिकीट बाबांनी दिलं, पण त्यांनीही वाचलेलं नाही.

मी तुझ्यावर रागावले आहे. तुझे सगळे अंक फाडणार होते, पण दोनच फाडले, कारण मग कंटाळा आला. तुला भुयारी लोक बिचारे वाटतात. मला ते बिचारे वाटत नाहीत. त्यांनी अख्खं भुयार खणलं आणि उल्कावीरला साधा कंदील लावता येत नाही, पान सात बघ.

माझ्या झाकणाने जिला लागलं तिच्याशी माझं बोलणं झालंय. तिने मला टाके मोजायला दिले. तिची मी माफी मागितली. पण वर्गाची मागणार नाही. सगळ्यांनी रांगेत येऊन माफ केल्यासारखा माझ्याशी हात मिळवला ना, तेव्हा मी अजून कोणाला मारलंच नव्हतं. मग माफ कशाबद्दल केलं? हे मी बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, खाली बस.

म्हणून नऊ तारखेला मीच बोलणार आहे. आईचं म्हणणं, तू आलीस तर आधी तू सांगायचंस. मला ते नको आहे. मोठी माणसं सुरू झाली की त्यांचंच चालतं आणि मग तास संपतो. मी दीड पान लिहिलंय. आरशासमोर वाचून बघितलं तर सहा मिनिटं लागली. मध्ये रडू आलं तर दहा लागतील.

मुख्याध्यापिकांना एक सवय आहे. कोणी बोलत असलं की त्या मध्येच म्हणतात, 'बरं, समजलं.' मग पुढचं कोणी ऐकत नाही. त्या तसं म्हणाल्या की तू फक्त एवढंच म्हणायचंस, 'तिचं अजून झालेलं नाही.' त्या दहा वेळा म्हणाल्या तर तू दहा वेळा म्हणायचंस. बाकी काही बोलायचं नाहीस. आईला मी हे काम देणार नाही, कारण ती चिडेल आणि मग सगळे तिच्याकडेच बघत बसतील. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, बघू.

माझं संपलं की तुझं सांग.

अकराला दार लावून घेतात आणि मग कोणाला आत सोडत नाहीत. पावणेअकराला ये. खिडकीजवळची खुर्ची डुगडुगते, ती सोडून दुसरी धर आणि माझ्या शेजारी ओढून घे.

भिंगरी